आमवाताची शंका आणि हातात आलेला रक्ताचा रिपोर्ट: तो कसा वाचायचा

रिपोर्ट येतो. ‘आरए फॅक्टर’समोर ठळक अक्षरांत २८ लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘१४ पर्यंत नॉर्मल’. बोटं दुखत असलेल्या माणसाची झोप उडवायला एवढं पुरतं. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट स्वच्छ येतो, ‘निगेटिव्ह आहे, काही नाही’ म्हणून तो सहा महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढतो आणि तोवर मनगटातलं हाड आतून कुरतडलं जायला सुरुवात झालेली असते. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे बोलण्यात ज्याला आमवात म्हणतात तो आजार, रक्तात सापडतो. खरं तर तो सांध्यांत सापडतो. रक्ताच्या तपासण्या त्या शंकेचं वजन वाढवतात किंवा कमी करतात. म्हणून रिपोर्ट वाचायलाही एक क्रम लागतो.

पायरी १: रिपोर्ट बाजूला ठेवून आधी सांधे मोजा

कागद घ्या आणि या गोष्टी लिहून काढा. कोणते सांधे दुखतात, आणि त्यांतले कोणते सुजलेत? नुसतं दुखणं आणि सूज यांत फार फरक आहे. आमवाताची सूज हाताला मऊ, थोडी स्पंजासारखी लागते. हाडाच्या टणक गाठीसारखी नव्हे. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायाच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे ही त्याची आवडती ठिकाणं, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळच्या टोकाच्या पेरात दुखत असेल तर आमवाताची शक्यता कमी, झिजेच्या संधिवाताची जास्त.

सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले राहतात तेही घड्याळ लावून बघा. पाच-दहा मिनिटांत मोकळे होत असतील तर ते फारसं सूचक नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त, कधी तासभर लागत असेल तर दाहाची शंका येते. हस्तांदोलन करताना बोटांच्या मुळाशी दाब पडून कळ येते का? हे सगळं कधी सुरू झालं? सहा आठवड्यांचा टप्पा इथे महत्त्वाचा, कारण विषाणूंमुळे येणारी बरीचशी सांधेदुखी तेवढ्यात ओसरते. चिकुनगुन्यासारखे काही अपवाद आहेत, ते महिनोन्महिने रेंगाळतात आणि अगदी आमवातासारखे दिसतात.

एक गोष्ट कोणत्याही रिपोर्टची वाट न बघता करायची. एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा निकामी करतो.

पायरी २: आकड्याआधी एकक आणि मर्यादा वाचा

प्रत्येक आकड्यासमोर दोन गोष्टी छापलेल्या असतात: एकक आणि त्या लॅबची सामान्य मर्यादा. वेगवेगळ्या लॅबची यंत्रं आणि किट वेगळे असतात, म्हणून मर्यादाही वेगळ्या. आरए फॅक्टरची वरची मर्यादा कुठे १४, कुठे २०. अँटी-सीसीपीची (आमवातासाठीची दुसरी तपासणी, तिच्याबद्दल पायरी ४ मध्ये) कुठे २०, कुठे १७, कुठे ५. त्यामुळे एका लॅबचा २५ आणि दुसऱ्या लॅबचा २५ शेजारी ठेवून तुलना करू नका. आकड्याला त्याच रिपोर्टवरच्या वरच्या मर्यादेने भागा. आलेली ‘पट’ हीच पुढे कामाची. १४ ची मर्यादा असताना २८ म्हणजे दुप्पट. ५२ म्हणजे पावणेचार पटींच्या आसपास. तीन पट ही रेघ लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

सीआरपीत, म्हणजे शरीरातला दाह मोजणाऱ्या तपासणीत, एककाचा घोळ सर्वांत जास्त होतो. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहा पटींचा फरक असतो. १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १२ मिलिग्रॅम प्रति लिटर. मागच्या वेळी १२ होता, आता १.२ वर आला म्हणून आनंद करण्याआधी एकक बघा. आकडा जागचा हललेलाही नसेल.

रिपोर्टवर आकड्याऐवजी नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंवा १:४० असं प्रमाण लिहिलं असेल, तर ती तपासणी लॅटेक्सच्या जुन्या पद्धतीने केलेली आहे. ती ढोबळ असते. शंका खरी वाटत असेल तर आकड्यात उत्तर देणारी तपासणी मागून घ्या.

पायरी ३: आरए फॅक्टर, ज्याच्या नावानेच गैरसमज होतो

नावात आमवात असला तरी हा घटक आमवातापुरता नाही. आपल्याच शरीरातल्या आयजीजी या प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) शेपटाकडच्या भागाला चिकटणारं हे दुसरं प्रतिपिंड. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं. आमवात असलेल्या दहांपैकी साधारण सात जणांत तो सापडतो. म्हणजे तीन जणांत सापडत नाही.

उलट बाजूने तो आमवात नसलेल्यांतही सापडतो. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन्स आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आणखी एक आजार), फुप्फुसाचे काही जुनाट विकार यांत तो वाढतो. साठीनंतर तर अगदी धडधाकट माणसांतही त्याचं प्रमाण वाढतं.

हे नीट समजायला एक साधा हिशोब करा. हजार माणसांची सरसकट तपासणी केली असं धरा. आमवात शंभरात एकाला असतो असं मानलं (खरा आकडा बहुतेक ठिकाणी त्याहून थोडा कमीच), तर दहा जणांना तो आहे आणि त्यांतले सात पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० मध्ये शंभरात पाच जण आजार नसताना पॉझिटिव्ह आले तर झाले जवळपास पन्नास. एकूण ५७ पॉझिटिव्ह, आणि आमवात त्यांतल्या फक्त सात जणांना. सांधे न सुजलेल्या माणसाने ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये आरए फॅक्टर करून घेतला की तो या पन्नासांत सापडण्याचीच शक्यता जास्त. तीच तपासणी हाताचे सहा सांधे सुजलेल्या माणसात केली तर हिशोब पूर्ण उलटतो. तपासणी बदललेली नाही, ती करून घेणारा माणूस बदलला.

पायरी ४: अँटी-सीसीपी

एकच जास्तीची तपासणी करता येणार असेल तर ही करा. सांध्यात दाह होतो तेव्हा काही प्रथिनांत रासायनिक बदल होतो. आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. ज्यांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांवर उलटते त्यांच्या रक्तात हे प्रतिपिंड दिसतं. सापडण्याचं प्रमाण आरए फॅक्टरएवढंच, दहात सातच्या जवळपास. पण खोटा पॉझिटिव्ह फार कमी येतो: आमवात नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांत ही तपासणी बरोबर निगेटिव्ह येते. आरए फॅक्टरचा हाच आकडा ८५ च्या आसपास आहे (यात इतर आजारांचे रुग्णही धरलेले असतात, म्हणून तो वरच्या हिशोबातल्या सरसकट माणसांपेक्षा कमी).

दुसरी गोष्ट, हे प्रतिपिंड आजाराच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसू शकतं. म्हणून सांधे ठीक असताना अँटी-सीसीपी जास्त आलं तर आजार झालाय असं नाही, पण पुढे होण्याचा धोका वाढलेला आहे. अशा माणसाने धूम्रपान करत असल्यास ते आजच थांबवावं (सिगारेट आणि या प्रतिपिंडाचा संबंध पक्का आहे), हिरड्यांचा आजार असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून बरा करून घ्यावा आणि सांधा सुजला की थेट संधिवाततज्ज्ञांकडे जावं. दर महिन्याला तपासणी करत बसून काही मिळत नाही.

दोन्ही तपासण्या एकत्र वाचताना:

दोन्ही पॉझिटिव्ह, त्यातही तीन पटींपेक्षा जास्त, आणि सांधे सुजलेले: आमवाताची शक्यता खूप मोठी. अशा रुग्णांत हाडं कुरतडली जाण्याचा धोकाही जास्त, म्हणून उपचार लवकर आणि जोरकस लागतात.

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, आरए फॅक्टर निगेटिव्ह: पहिल्याइतकंच गांभीर्याने घ्या.

फक्त आरए फॅक्टर थोडासा वाढलेला: पुरावा कच्चा. हिपॅटायटिस सीची तपासणी झाली आहे का, डोळे आणि तोंड कोरडं पडतं का, हे विचारलं गेलं पाहिजे.

दोन्ही निगेटिव्ह: आजार नाही असं नव्हे. आमवाताच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत दोन्ही निगेटिव्हच राहतात. याला सीरोनिगेटिव्ह म्हणतात आणि निदान सांधे तपासून, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून होतं. रिपोर्टमुळे सर्वांत जास्त उशीर होतो तो याच लोकांना.

पायरी ५: ईएसआर आणि सीआरपी

या दोन तपासण्या आजाराचं नाव सांगत नाहीत. शरीरात आत्ता किती दाह आहे एवढंच सांगतात.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. म्हणून ज्या ज्या गोष्टीने ही चवड बदलते तिने आकडाही बदलतो. रक्तक्षय, गरोदरपण, वय, मूत्रपिंडाचा आजार यांनी तो वाढतो. वयाचा एक ढोबळ ठोकताळा आहे: पुरुषांत वय भागिले दोन, स्त्रियांत वयात दहा मिळवून भागिले दोन. साठ वर्षांच्या बाईंचा ३४ आला तर या हिशोबाने तो मर्यादेतच आहे, रिपोर्टवर तो ठळक छापला असला तरी. लॅबच्या हातूनही गडबड होते. नमुना खोलीच्या तापमानात चार तासांहून जास्त पडून राहिला तर आकडा खोटा कमी येतो. नळी तिरकी राहिली तर खोटा जास्त.

सीआरपी यकृतात तयार होतं आणि फार चपळ असतं. दाह सुरू झाल्यावर काही तासांत वाढतं, दोन दिवसांत शिखरावर जातं, आणि दाह थांबला की दर १९ तासांच्या आसपास निम्मं होत उतरतं. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो. म्हणून ईएसआर जास्त आणि सीआरपी सामान्य असं दिसलं तर दोन शक्यता आधी तपासा: नुकताच बरा झालेला एखादा संसर्ग, किंवा कमी हिमोग्लोबिन. दोन्ही जास्त असतील तरी आमवातच असं नाही. दाताचं गळू, लघवीचा संसर्ग, गेल्या आठवड्यातला ताप हेही कारण असू शकतं. लठ्ठपणातही सीआरपी किंचित वर असतं.

आणि ज्यांच्या हातांना स्पष्ट सूज आहे अशा बऱ्याच रुग्णांत हे दोन्ही आकडे सामान्य येतात. फक्त लहान सांधे सुजलेले असताना रक्तात कधीकधी फारशी खळबळ होत नाही. ‘सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे दाह नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरू नका.

हृदयासाठी जी ‘एचएस-सीआरपी’ तपासणी केली जाते ती याच प्रथिनाची, फक्त अगदी बारीक मोजमापाची. सांध्यांसाठी साधी सीआरपी पुरते.

पायरी ६: सीबीसी आणि सोबतच्या तपासण्या

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, तीन ओळी बघा. हिमोग्लोबिन कमी आणि एमसीव्ही सामान्य, म्हणजे पेशींचा आकार ठीक, असं असेल तर तो बहुधा जुनाट दाहाचा रक्तक्षय असतो. दाह आटोक्यात आला की सुधारतो. एमसीव्हीही कमी असेल तर लोहाची कमतरता शोधायला हवी, विशेषतः जो माणूस महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेतोय त्याच्या जठरातून थोडंथोडं रक्त जात असू शकतं. फेरिटिन (साठवलेल्या लोहाची खूण) सामान्य आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं समजू नये, कारण दाहात फेरिटिन आपोआप वाढतं. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर गेल्या असतील तर तेही चालू दाहाचं लक्षण. पांढऱ्या पेशी एकदम कमी असतील तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

‘आर्थरायटिस प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये अनेकदा आमवाताशी संबंध नसलेल्या तपासण्याही असतात. यूरिक ॲसिड गाऊटसाठी आहे, आणि गाऊटचा झटका चालू असतानाही ते सामान्य येऊ शकतं. एएसओ घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाची खूण आहे. मुलांच्या ऱ्हुमॅटिक तापात तिचा उपयोग, प्रौढांच्या आमवातात नाही. एचएलए-बी२७ पाठीच्या मणक्यांच्या संधिवाताकडे बोट दाखवतं, पण ते असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात. एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) आमवाताच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत पॉझिटिव्ह येतं आणि १:४० किंवा १:८० इतक्या कमी प्रमाणात अनेक निरोगी माणसांतही. ते जास्त प्रमाणात असेल, आणि तोंडात फोड, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे, लघवीत प्रथिनं अशी काही लक्षणं असतील तर मात्र ल्युपसच्या दिशेने पुढच्या तपासण्या होतात. थायरॉइडची टीएसएच तपासणी या यादीत नसते, पण करून घ्यावी. थायरॉइड मंदावला तरी अंग आणि सांधे दुखतात.

पायरी ७: गुणांची बेरीज

अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून एक गुणपद्धती ठरवली. ती मुळात संशोधनासाठी होती, पण डॉक्टर काय बघतात हे समजायला तिच्याइतकं सोपं साधन नाही. अट अशी, की निदान एका सांध्याला खरी सूज हवी आणि तिचं दुसरं चांगलं स्पष्टीकरण नको.

सांधे: एक मोठा सांधा ० गुण, दोन ते दहा मोठे १, एक ते तीन लहान २, चार ते दहा लहान ३, दहापेक्षा जास्त, त्यांत निदान एक लहान, ५. खांदा, कोपर, खुबा, गुडघा, घोटा हे मोठे. मनगट मात्र लहानांत धरतात.
प्रतिपिंडं: दोन्ही निगेटिव्ह ०; कोणतंही एक मर्यादेच्या वर पण तीन पटींपर्यंत २; तीन पटींच्या वर ३.
ईएसआर किंवा सीआरपी वाढलेलं १.
सहा आठवडे किंवा जास्त काळ १.

दहापैकी सहा किंवा जास्त झाले की आमवात म्हणून वर्गीकरण होतं.

आता सुरुवातीच्याच आकड्याचा एक माणूस घ्या: आरए फॅक्टर २८, मर्यादा १४, एक गुडघा सुजलेला, तीन आठवडे, ईएसआर आणि सीआरपी सामान्य. ० अधिक २ अधिक ० अधिक ०, एकूण दोन. दुसरीकडे दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाचे चार सांधे, आरए फॅक्टर ५२, सीआरपी वाढलेलं, आठ आठवडे: ३, ३, १, १, एकूण आठ. तिसरा रुग्ण तेच सहा सांधे, तेच सीआरपी, तोच काळ, पण प्रतिपिंडं निगेटिव्ह: पाचवर अडकतो. प्रतिपिंडं नसतील तर दहापेक्षा जास्त सांधे धरल्याशिवाय ही बेरीज सहावर पोचतच नाही. म्हणून पाच गुणांच्या माणसाला ‘नाही’ म्हणून सोडून देत नाहीत. सोनोग्राफी करतात, काही आठवड्यांनी पुन्हा सांधे तपासतात, आणि गरज वाटली तर उपचारही सुरू करतात.

तपासणीला जाताना आणि नंतर

या तपासण्यांसाठी उपाशी राहावं लागत नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर त्यांनी प्रतिपिंडांचे आकडे चुकतात आणि दोन दिवस आधी त्या थांबवाव्या लागू शकतात. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर तारखेसकट लिहून ठेवा. स्टेरॉइडने सूज आणि सीआरपी दोन्ही उतरतात, आणि मग तज्ज्ञांना बघायला काही उरत नाही. निदानाआधी, न विचारता घेतलेलं स्टेरॉइड ही या आजारात सर्वांत महाग पडणारी चूक आहे. भेटीची तारीख दूर असेल तर सुजलेल्या हातांचे सकाळी, चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

घाई का करायची? युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार सांध्यांची सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संधिवाततज्ज्ञांची भेट व्हावी आणि आजार टिकून राहण्याचा धोका असेल तर तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. तेवढ्या काळात पकडलेला आजार पुष्कळदा पूर्ण शांत करता येतो. कुरतडलेलं हाड मात्र परत भरून येत नाही.

निदान पक्कं झालं की आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी पुन्हा पुन्हा करण्याचं कारण नाही. रुग्ण ठणठणीत झाला तरी ते पॉझिटिव्ह राहू शकतात, आणि ‘फॅक्टर अजून उतरला नाही’ म्हणून औषध वाढवणं किंवा डॉक्टर बदलणं दोन्ही चूक. पुढचा प्रवास मोजायचा तो सांध्यांची मोजणी आणि ईएसआर किंवा सीआरपी यांनी. २८ सांधे धरून काढलेला डीएएस२८ हा आकडा त्यासाठीच असतो: २.६ च्या खाली आला की आजार शांत, ५.१ च्या वर म्हणजे जोरात.

औषधाआधी वेगळ्या तपासण्यांची यादी येईल: सीबीसी, यकृताची एएलटी-एएसटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. मेथोट्रेक्सेट हे मूळ आजारावरचं औषध सुरू झालं की पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि नंतर अंतर वाढवत दर तीन महिन्यांनी सीबीसी, एएलटी आणि क्रिएटिनिन बघतात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला ते सांगून ठेवा. तोंड आलं, ताप आला, धाप लागली किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.